वृंदाची हिंगाची डबी

१७ जुलै, गुरुवार. वृंदाचं कपाट रिकामं करायचं होतं. लॅबमध्ये नवी केमिस्ट आली आहे, तिला डबा आणि ॲप्रन ठेवायला जागा नाही, तेव्हा "मॅडम, ते एकदा उरकून टाका," असं मॅनेजरांनी तीनदा सांगून झालं होतं. वृंदाला जाऊन सात आठवडे झाले. मी घरून दोन पिशव्या नेल्या होत्या, एक तिच्या मुलीला द्यायच्या वस्तूंसाठी, एक टाकायच्या वस्तूंसाठी. दोन ॲप्रन, चष्म्याचं घर, कॅल्क्युलेटर, अर्धी संपलेली भडंगाची पुडी, लॅबमध्ये घालायचे बूट. अर्ध्या तासाचं काम. खालच्या कप्प्यात मागे, रुमालात गुंडाळलेली हिंगाची पिवळी डबी निघाली. नवी मुलगी म्हणाली, "ताकात घालायच्या का त्या?" मी हो म्हटलं. ती डबी तिथे का होती हे कारखान्यात फक्त मला माहीत होतं.

डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला आमचा रंगांना लागणारी रसायनं बनवणारा कारखाना आहे. वृंदा आणि मी एकाच वर्षी तिथे लागलो. दोघी बी.एस्सी., दोघी पंचविशीच्या आसपासच्या, आणि लॅबमध्ये दोनच खुर्च्या. त्यामुळे पुढची तेवीस वर्षं आम्हाला एकाच दिवशी रजा कधी मिळाली नाही. तिच्या घरच्या कार्याला मी गेले नाही आणि माझ्या घरच्या ती आली नाही. तिच्या मुलीच्या, सईच्या बारशाचा फोटोसुद्धा मी दुसऱ्या दिवशी टेबलावर पाहिला. मैत्री झाली ती डबा खाताना आणि जिन्यावर.

माझी जोडवी नोकरीच्या पहिल्या महिन्यातच काळी पडली. मी घाबरले, तर वृंदा म्हणाली, "टूथपेस्टने घास. माझी अंगठी बघ, दर महिन्याला काळी होते." चांदी काळी करणारी हवा आपल्या आत काय करत असेल, हा प्रश्न दोन केमिस्ट बायकांना तेव्हा पडायला हवा होता. आम्ही टूथपेस्टचा ब्रँड ठरवत बसलो.

वृंदाचं नाक ही कारखान्यातली प्रसिद्ध गोष्ट होती. माल तयार झाला की नाही हे ठरवायला एक चाचणी आहे, तिला चाळीस मिनिटं लागतात. प्लांटवरचा जनार्दन नमुन्याची बाटली घेऊन वर यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, वास घ्या ना जरा. झाला का नाय ता सांगा." वृंदा बाटलीच्या तोंडावरून हात हलवून वारा नाकाकडे घ्यायची, डोळे मिटायची, आणि म्हणायची, "अजून अर्धा तास." किंवा, "उतरवा." चाचणी नंतर कागदापुरती व्हायची आणि तिच्याशी जुळायची. मालक पाहुण्यांना लॅब दाखवायला आणत आणि म्हणत, "हे आमचं सगळ्यात महाग मशीन." वृंदा म्हणायची, "साहेब, मशीनला वर्षातून एकदा सर्व्हिसिंग असतं." सगळे हसायचे. सर्व्हिसिंग कधी झालं नाही.

ती एकटीच नव्हे, सगळा कारखाना नाकावर चालायचा, आजही चालतो. भिंतीवर गळतीचा इशारा देणारा भोंगा आहे, पण तो वाजल्याचं मला आठवत नाही. कुठे काही गळलं की माणसं न सांगता तिथून बाजूला होतात, वास ओसरला की परत कामाला लागतात. कोणी कोणाला हाक मारत नाही. आमच्याकडे वास हाच भोंगा.

दोन वर्षांपूर्वी, एका सोमवारी, डबा उघडायच्या आधी वृंदा मला जिन्यावर घेऊन गेली. म्हणाली, "काल आमटीला फोडणी दिली. हिंगाचा वास आला नाही म्हणून परत घातला. मग परत घातला. सई म्हणाली, आई, आमटी कडू का लागतेय..." सर्दी असेल, मी म्हटलं. ती म्हणाली, "सर्दी नाही. सहा महिने हळूहळू जातोय. मी मोजतेय." तेव्हापासून ती डबी तिच्या कपाटात आली. रोज सकाळी ॲप्रन घालायच्या आधी ती झाकण उघडून नाकासमोर धरायची, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहायचे. आधी डबी हातभर लांब असायची. पावसाळ्यापर्यंत ती नाकाला टेकली. दिवाळीनंतर तिने मला विचारलं, "उघडी आहे ना गं?" डबी उघडीच होती.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आणि अशा हवेतून आधी बाहेर पडा.

बाहेर पडून करायचं काय, हेही तिने शोधून ठेवलं होतं. ठाण्यात एका संस्थेत कारखान्यांतल्या सुरक्षेचा वर्षभराचा डिप्लोमा होता. पदवी आणि अनुभव असला की प्रवेश, वयाची अट नाही. तिने माहितीपत्रक माझ्यासमोर ठेवलं. मी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं आणि हिशेबी बाई जसा सल्ला देते तसा दिला. म्हटलं, "वय किती तुझं? सत्तेचाळीस. पास होऊन बाहेर पडशील तेव्हा पन्नाशीला टेकलेली असशील. नवी नोकरी कोण देणार? सईची बारावी आहे. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू."

"पोरं काकू म्हणतील ना मला?"

"मॉनिटर करतील. पहिल्या बाकावर बसवतील."

"बसेन की. मागून फळा दिसत नाही मला." ती हसली, मग पत्रकाची घडी घालत म्हणाली, "शैला, बावीस वर्षं मी वास घेऊन सांगतेय, उतरवा, उतरवा. मास्क लावा असं एकदाही कोणाला सांगितलं नाही. ते सांगायची नोकरी असते, हे मला माहीतच नव्हतं." मी म्हटलं, जेवून घे, दीड वाजून गेला.

यंदा राहू दे म्हटलं, तर ते वर्ष निभावायला हवं होतं. त्याची युक्ती मीच काढली. जनार्दन बाटली घेऊन आला की वृंदा नेहमीसारखा हात हलवायची, डोळे मिटायची. मी शेजारी रजिस्टर लिहीत उभी असायचे, वास माझ्याही नाकात यायचा. माल तयार असेल तर मी पेन खाली ठेवायचे. नसेल तर लिहीत राहायचे. पेन खाली, म्हणजे झालं. हे आम्ही जवळजवळ वर्षभर केलं आणि एकदाही चुकलो नाही. कोणाला कळलं नाही याची आम्हाला गंमत वाटायची. एकदा मालकांसमोर मला पेन सापडेना, तेव्हा वृंदा डोळे मिटून इतका वेळ उभी राहिली की मालक हळूच म्हणाले, "ध्यान लागलं वाटतं." त्या दिवशी जिन्यात आम्ही भिंतीला धरून हसलो होतो. सगळ्या कारखान्याचा समज होता की वृंदाच्या नाकाला सगळ्यांच्या आधी कळतं. तो समज आम्ही दोघींनी जपला.

यंदा मात्र तिने मला विचारलं नाही. फॉर्म आणला, भरला, आणि मगच दाखवला. अनुभवाचा दाखला द्यायला मॅनेजरांनी तीन आठवडे लावले. दाखला हातात पडला तो सोमवारी संध्याकाळी, आणि फॉर्म द्यायची मुदत मंगळवारपर्यंत. मंगळवारी माझी रजा होती, कोलशेतला नणंदेकडे पूजा होती. वृंदा म्हणाली, "तुझी रजा मला देतेस?" मी म्हटलं, पूजा महिनाभर आधी ठरली आहे. तसंही मी ठाण्यातच जातेय, तुझा फॉर्म मी देते, त्यासाठी दोघींनी कशाला धावायचं? सोयीचं होतं, तिने मान्य केलं. एकच रकाना तिने कोरा ठेवला होता, अकरावा. 'काही शारीरिक दोष असल्यास.' म्हणाली, "नाही लिहिलं तर खोटं. खरं लिहिलं आणि मॅनेजरांच्या कानावर गेलं तर... रात्री विचार करते. तू खिडकीशी गेलीस की फोन कर, मी सांगते काय लिहायचं ते." गेटबाहेर ती रिक्षाची वाट पाहत उभी राहिली. शेजारच्या नाल्याचं पाणी त्या दिवशी गुलाबी होतं. मी तिला वळून हात केला नाही, रोज भेटणाऱ्या माणसांना आपण करत नाही.

मंगळवारी पावणेबाराला मी खिडकीशी पोचले. कारकुनाने पानं उलटली आणि म्हणाला, "बाई, अकरावा भरा." मी वृंदाला फोन लावला. उचलला नाही. रांगेतून बाजूला होऊन पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला तो जनार्दनने. म्हणाला, "मॅडम, तुमी आदी हिकरं या."

कारखान्यामागे सांडपाण्याच्या टाकीची शेड आहे. दिवसातून दोनदा तिथून नमुना आणायचं काम लॅबचं. त्या सकाळी कोणीतरी ॲसिडची भांडी धुतलेलं पाणी चुकून त्याच टाकीत सोडलं होतं. त्यातून जो वायू सुटतो त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो आला, आणि शेडजवळची सहा-सात माणसं रीतीप्रमाणे न बोलता गेटकडे येऊन उभी राहिली. वृंदा मागच्या जिन्याने बाटली घेऊन उतरली. तिला शेडकडे जाताना तिघांनी पाहिलं. जनार्दन मला नंतर म्हणाला, "हाक मारनार होतो. पन मना वाटला, मॅडमना तर सगल्यांच्या आदी कलतं. काय बगूनच जात असतील..." ओला कपडा तोंडाला बांधून त्यानेच तिला ओढून बाहेर काढलं. हॉस्पिटलच्या वाटेवर ती गेली.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "इतक्या अनुभवी बाईंना वास कसा आला नाही?" मी म्हटलं, सांगता येत नाही. अहवालात काय जाणार ते मॅनेजरांनी शोकसभेतच सुचवलं होतं: अनुभव असूनही निष्काळजीपणा. मी सभेत चहाचे कप मोजत होते.

दहा दिवसांनी मी सईकडे गेले आणि डबीपासून पेनापर्यंत सगळं सांगितलं. ती एकोणीस वर्षांची आहे. शेवटी म्हणाली, "मावशी, आईला वास येत नाही हे मला माहीत होतं. रोज आमटी मीच चाखायचे. तुम्ही कधी बोलता, याची वाट बघत होते." दुसऱ्या दिवशी मी त्या अधिकाऱ्यांच्या कल्याणच्या कचेरीत जाऊन जबाब बदलून दिला, पेनाची गोष्ट माझ्या नावासकट लिहून दिली. तेव्हापासून कारखान्यात माझ्यासोबत कोणी जेवायला बसत नाही. त्याची मला तक्रार नाही. मला वेगळीच गोष्ट खटकते. भोंगा अजून दुरुस्त झालेला नाही, आणि मॅनेजर नव्या मुलीला माझ्यासमोर उभं करून म्हणाले, "मॅडम, हिचं नाक तयार करा."

तर त्या गुरुवारी मी कपाटासमोर खाली बसले असताना जनार्दन बाटली घेऊन आला. सवयीने त्याने ती नव्या मुलीपुढे धरली. तिने हात हलवला. अगदी वृंदासारखा, कोणाकडून शिकली कोण जाणे. मी उठून बाटली काढून घेतली आणि म्हटलं, "चाचणी लाव. चाळीस मिनिटं."

जनार्दन म्हणाला, "साहेब वरडंल."

"ओरडू दे."

तो गेल्यावर मी रुमाल सोडला आणि डबीचं झाकण उघडलं. वास आला. जेवढा यायला हवा तेवढा आला का, हे मला ठरवता येईना. डबी कोणत्याच पिशवीत घातली नाही, पर्समध्ये टाकली. पर्समध्ये सईने पाठवलेला कागदही होता. वृंदाच्या फोनवर संस्थेचा संदेश आला होता, काही जागा रिकाम्या आहेत, दुसरी फेरी शुक्रवारी. सईने तो छापून मला दिला होता, खाली काहीही न लिहिता.

शुक्रवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असते. सकाळी मी ओट्यापाशी डोळे मिटून उभी राहिले आणि नवऱ्याला सांगितलं, डबी उघडा आणि दारापासून हळूहळू पुढे आणा, वास आला की मी थांबा म्हणेन. ते म्हणाले, "हे काय नवीन?" मी म्हटलं, आणा तर खरं. बराच वेळ काही झालं नाही. मग वास आला, मी थांबा म्हटलं आणि डोळे उघडले. डबी माझ्या नाकापासून वीतभर होती. ते म्हणाले, "अगं, मला तर दारातच येत होता."

साडेदहाला मी ठाण्यात त्याच खिडकीशी होते. कोरा फॉर्म मागून घेतला, अनुभवाचा दाखला मागाहून आणते म्हटलं. नाव, वय एकोणपन्नास, अनुभव तेवीस वर्षं. पुढच्या रकान्यांत वृंदाने काय काय लिहिलं होतं ते आठवत होतं, त्यामुळे वेळ लागला नाही. अकराव्यात लिहिलं, 'गंधज्ञान कमी झालं आहे, कारण: व्यवसाय.' मग पेन खाली ठेवलं.