मॅनेज केलेली कबड्डी

स्पोर्ट मॅनेजमेंटच्या शेवटच्या परीक्षेत मला कबड्डीचा सामना भरवायचा होता. तो रंगला तर पास, नाहीतर वर्ष वाया. म्हणून तात्यापारा आणि उरला या दोन वस्त्यांच्या संघांच्या कर्णधारांना मी वेगवेगळं गाठून धीर दिला, "टेन्शन नको भैया, मी सगळं मॅनेज करतो." दोघांनाही वाटलं, सामना आपल्यासाठी फिक्स झाला! मग घाम कोण गाळणार? चढाईला आलेला गडी बागेत फिरल्यासारखा फिरून परत जायचा. प्रेक्षकांतली तान्ही बाळंसुद्धा घोरायला लागली.

शून्य-शून्यवर शिट्टी झाली. परीक्षक ओरडले, "काय करून राहिला बे?"

तेवढ्यात दोन्ही कर्णधार ट्रॉफी घ्यायला एकदमच आले आणि अशी झोंबाझोंबी जुंपली, की परीक्षकच खुर्चीवर चढून गुण मोजू लागले. मी पास झालो.