पिठावर पाय

आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. वडील युनियनचं काम करायचे आणि गठ्ठे पलंगाखाली असायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. त्यामुळे चिडून बोलले की माझ्या वाक्याला आपोआप तीन उद्गारचिन्हं लागतात. दुबईच्या ऑफिसात ती गिळायला शिकले होते, पण पुरती नाही.

मंदीत आमच्या मजल्यावरची बरीच टेबलं रिकामी झाली. उरलेल्यांचा उत्साह टिकावा म्हणून कंपनीने सहल काढली: उम्म अल कुवैनच्या एका छोट्या हॉटेलात जपानी जाड नूडल्स करायला शिकायचं. व्हॅन दुबईतल्या करामा भागातून सुटली. माझ्या शेजारी अकाउंट्समधल्या ताई होत्या. त्यांच्या मिस्टरांची नोकरी उन्हाळ्यातच गेली होती. भाडं आणि मुलाची शाळा आता एकट्या ताईंच्या पगारावर.

"आज गप्प बस हं," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात आणखी नावं निघणारेत. साहेब बघत असतील सगळ्यांकडे."

शिकवणारा जपानी आचारी वयस्कर होता. त्याने मैद्यात मिठाचं पाणी कालवलं, गोळा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर पंचा पसरला आणि मोजे घातलेल्या पायांनी त्यावर चढला. हे पीठ इतकं घट्ट की हाताने मळलंच जात नाही. तो जागच्या जागी फिरत ते तुडवू लागला.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "यल्ला टीम, शूज उतारो!"

ताई पुढे होईनात. वर्तमानपत्राला पाय लागला तरी नमस्कार करणारी बाई, कणकेवर कशी उभी राहणार?

"मॅडम, क्या हुआ? टीम स्पिरिट दिखाओ!"

माझ्याने राहवेना. "सर, आप किसी पे जबरदस्ती नहीं कर सकते! ये इनका काम नहीं है!"

आचाऱ्याला भाषा कळली नसावी, पण तो पिशवीवरून हळूच उतरला. ताईंनी माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला. "तुझं पत्रक खिशात ठेव, बाई."

मग त्या वाकल्या, पिशवीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि चढल्या. आधी बिचकत, मग मंगळागौरीत फिरावं तशा गोल गोल.

परतताना मी धुसफुसत होते. "घाबरलात ना नोकरीसाठी?"

"घाबरले तर! घाबरू नको? पण चढले ते त्यासाठी नाही. तू ओरडलीस तेव्हा त्या माणसाकडे बघितलंस? स्वतःच्या पायांकडे बघत होता बिचारा. जन्मभर तो जे करत आला, ते आम्हाला विटाळ वाटतं, हे त्याला कळू द्यायचं?"

कष्टाची प्रतिष्ठा हे शब्द मी लहानपणापासून घोकले होते. त्या आचाऱ्याचं तोंड मात्र मी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ताईंचं नाव निघालंच. मी रागाने एक निवेदन लिहिलं: काढलेल्यांना निदान मुलांच्या परीक्षा होईपर्यंत मुदत द्या. टेबल आवरता आवरता ताईंनी ते वाचलं.

"साहेबांनाही घर आहे, हे लक्षात ठेवून लिही. आणि ही उद्गारचिन्हं कमी कर. पहिली सही माझी."

मी दोन खोडली. तिसरं त्यांनी राहू दिलं. त्याच्याच शेजारी त्यांनी सही केली.