प्रयोगशाळेचं बंद दार

"म्याडम, तुमच्यापायी माझे पोरीचा लगीन मोडाला आलाय!"

जनाबाय कमरेवर हात ठेवून समोर उभी होती आणि मला काही उमजत नव्हतं. २००५च्या पुरात तिच्या कोळीवाड्यातल्या घरांत खाडी शिरली होती. सगळी वस्ती पनवेलजवळच्या एका शाळेत, कॅम्पमध्ये राहत होती. मी तिथे कौन्सेलर, म्हणजे औषध न देता माणसांचं ऐकून घेणारी. पनवेलचीच असल्यामुळे कोळ्यांचं सगळं मला कळतं, असा माझा गोड समज होता.

आदल्या दिवशी जनाबायशी पहिलं सेशन झालं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेवर 'समुपदेशन कक्ष' असा कागद चिकटवला, तिला आत घेतलं आणि नियमाप्रमाणे दार लावलं. आतलं बोलणं आतच राहणार, याला आम्ही कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी म्हणतो. तासाभराने ती डोळे पुसत, पण हलकी होऊन बाहेर पडली. मी खूश.

पंगत बसेपर्यंत कॅम्पभर झालं होतं की जनाबायला वेड लागलंय. कोळीवाड्यात भांडणसुद्धा ओट्यावर, चारचौघांत होतं. दार लावलं म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं. तिच्या मुलीचं लग्न गोदाबायच्या मुलाशी ठरलं होतं. गोदाबाय त्याच कॅम्पात, दोन वर्ग सोडून. तिने निरोप धाडला, साखरपुडा राहू दे.

मी तडक गोदाबायला गाठलं.

"जनाबायला वेडबिड काही लागलेलं नाही हो."

"मंग काय बोलली ती आत?"

"ते मला सांगता येणार नाही."

"बघा! म्हंजे सांगन्यासारखा नाय!"

झालं, आगीत तेल. मी आमच्या संस्थेच्या ऑफिसात सरांना फोन लावला.

"नियम मोडायचा नाही," सर म्हणाले. "फारच वाढलं तर दुसऱ्या कॅम्पला जा."

"आणि त्या मुलीचं लग्न?"

"ते आपल्या स्कोपमध्ये येत नाही."

डोकंच फिरलं माझं. पण घोळ माझाच होता आणि मला त्याची मनापासून लाज वाटत होती. जनाबायची माफी मागितली आणि विचारलं, "तुमची परवानगी असेल तर गोदाबायला मी खरं काय ते सांगू?"

"तुमी कशाला? मना तोंड नाय काय?"

पाण्याचा टँकर आला होता. हंडे-बादल्या घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या, त्यांत गोदाबायही. जनाबायने तिथूनच आवाज चढवला. "गोदे, आयक गो! बादलीत धार पडली तरी मना वाटतंय खाडी घरात शिरली. हातपाय कापतान. हेच बोलले मी आत. येडी हाय का मी?"

गोदाबायने हातातली बादली पुढे केली. तळाशी जुन्या लुगड्याचा बोळा होता.

"धारेचा आवाज नको म्हनून टाकते," ती म्हणाली. "मी पन येडीच मंग."

तिला रडू फुटलं. मग तिच्या मागची बोलू लागली, मग तिच्याही मागची. टँकरवाला हॉर्न मारून दमला.

साखरपुडा त्याच आठवड्यात झाला, शाळेच्या व्हरांड्यात. पुढची सगळी सेशन्स टँकरपाशी घेतली. रिपोर्टमधल्या 'सेशनसाठी खासगी जागा' या रकान्यात मी 'टँकरची रांग' असं लिहिलं. सरांनी खुलासा मागवला, तोही दिला.

दार लावायचं की नाही, हे आत येणाऱ्या माणसाला आधी विचारावं. एवढी साधी गोष्ट शिकायला मला डिग्रीनंतर सहा वर्षं लागली, आणि त्यात एका पोरीचं लग्न मोडता मोडता राहिलं.