आकडेवेलीचा काढा

माझे यजमान शी श्वे-मू लुकांग गावच्या शेवयावाल्यांपैकी. मी लग्न होऊन आले तेव्हा ते अंगणात दोन काठ्यांवर पीठ अडकवून ताणत ताणत मागे जायचे. शेवई दोऱ्याएवढी बारीक व्हायची, पण तुटायची नाही. आमच्या समुद्रदेवीच्या, मात्सूदेवीच्या जन्मदिवसाला शेवयांचा नैवेद्य एकतीस वर्षं यांच्या हातचा. मग पार्किन्सन झाला, हात थरथरू लागले. गेल्या वर्षी नैवेद्य पुतण्याने केला. हे अंगणाकडे पाठ करून बसून राहिले.

यंदा मोठ्या इस्पितळात आकडेवेलीच्या, म्हणजे आकड्यासारख्या काट्यांच्या औषधी वेलीच्या, पुड्यांची चाचणी निघाली. नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला रोज दोन पुड्या. निम्म्या रोग्यांना खऱ्या, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या. कोणाला कुठल्या, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. बाहेरचा काढा घ्यायचा नाही. हात किती तास शांत राहिले, ते त्यांच्या वहीत रोज लिहायचं. ते काम माझं. तशीही मी रोज काहीबाही लिहितेच.

सहाव्या आठवड्यात मी पुडी चाखली. भाजल्या तांदळासारखी गोडसर.

“अहो, ही खोटी आहे. आकडेवेल अशी लागत नाही.”

“जिभेने तपासलंस? मग इस्पितळाने तुलाच खुर्ची द्यायला हवी!”

“थट्टा नको. नैवेद्याला महिना उरलाय.”

ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

मी देवळात गेले. मात्सूपुढे कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी टाकल्या. “आई, वेल आणून काढा देऊ का?” एक उताणी, एक पालथी, म्हणजे हो. ओळीने तिन्ही वेळा हो. वेल आणली. माझ्या आईने शिकवल्याप्रमाणे काढ्यातल्या बाकी मुळ्या उकळल्यावर शेवटी टाकली. सकाळ-संध्याकाळ दिला. वहीत तास लिहिले, काढा लिहिला नाही.

नवव्या दिवशी हे मोरीतून उठताना चक्कर येऊन कोसळले. कपाळ फुटलं.

इस्पितळात चाचणीच्या परिचारिकेने, लिएनने, विचारलं, “काकू, आणखी काही दिलंत का?”

देवीला विचारून दिलेला काढा, खोटं बोलवेना. सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. “वेलीने रक्तदाब उतरतो, काकू. आता काकांना चाचणीत ठेवता येणार नाही.”

“पोरी, काढा हिने दिला,” हे म्हणाले. “हात माझे आहेत. मला का काढतेस?”

लिएन वही चाळत होती. “दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्यागणिक बघा. दोन तास, सव्वादोन, अडीच, पावणेतीन. काढा कधी सुरू केलात?”

“सहाव्यात.”

काढ्याआधीच आठवड्याला पाव-पाव तासाची वाढ मीच लिहिली होती, आणि मला दिसली नव्हती.

“म्हणजे पुडी खरी होती?”

“मलाही माहीत नाही, काकू. बरं वाटेल या आशेनेही बरं वाटतं.” उरलेल्या पुड्या मोजून तिने पिशवीत भरल्या. वहीही घेतली.

देवीचा काही दोष नाही. मी काढा देऊ का एवढंच विचारलं. पुडी खरी का, हे विचारलंच नाही. ते मला जिभेनेच कळलं होतं ना.

आज यांनी मला पीठ मळायला लावलं. कपाळाला पट्टी तशीच. काठी धरली, शेवई ताणली. तुटली.

“पुन्हा लाव,” म्हणाले.

लावली. तुटली.

“पुन्हा.”

ऊन अंगणातून गेलं तरी मी लावतच होते.