महेशच्या पँटची डावी बाजू

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. पण मुलुंड पूर्वेला, भरदुपारी, शेजारच्या बिल्डिंगमध्ये जे झालं ते सांगते... पटलं तर बघा.

आमच्या सोसायटीतल्या चार-पाच जणी मिळून जखमी जवानांसाठी कपडे शिवतो. हॉस्पिटलमधून सुटल्यावर बरं होईपर्यंत जे नातेवाइकांकडे राहतात, त्यांच्यासाठी. पायाला प्लॅस्टर असेल तर बाजूने वेल्क्रोची पँट, हात वर जात नसेल तर खांद्यावर उघडणारा शर्ट, असं.

महेश त्यांच्यातलाच एक, कुडाळचा. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. कृत्रिम पाय बसेपर्यंत शेजारच्या बिल्डिंगमधल्या बहिणीकडे, नंदाकडे राहत होता.

"दिवसभर चादर पांघरून बसतो गं," नंदा म्हणाली. "नसलेला पाय दुखतो म्हणतो. डॉक्टर सांगतात, होतं असं. पण हा कोणाला जवळच येऊ देत नाही."

मी पँट घेऊन गेले. खूप समजावल्यावर महेश ती घालून कुबड्यांवर उभा राहिला, तोंड खिडकीकडे करून. डावी बाजू कुठे दुमडायची ते बघायला मी खाली बसले. लोंबणारं रिकामं कापड मुठीत धरलं — आणि आत घोटा लागला. गरम. हाडाचा उंचवटा बोटांना स्पष्ट कळला.

"मावशी, थंय हळू, दुखता," महेश म्हणाला. खाली न बघता.

मी हात सोडला. कापड पुन्हा रिकामं.

तो सावकाश वळला. "तुमका पाय लागलो मां?"

नंदा माझ्याकडे बघत होती.

"लागला," मी म्हटलं.

तो पलंगावर बसला. "मग बोटं तेवढी सरळ करा. कधीची वळलीत."

मी हात पुढे नेला. या वेळी काहीच लागलं नाही, तरी अंदाजाने एकेक बोट सरळ करत राहिले.

"करंगळी राहिली."

तीही केली. थोड्या वेळाने तो बसल्या बसल्याच झोपला. नंदा तोंडाला ओढणी लावून स्वयंपाकघरात गेली.

त्यानंतर त्याचं दुखणं बरंच कमी झालं. आता कृत्रिम पायावर चालतो. त्याच्या डॉक्टरांना मी विचारलं, त्याला पाय जाणवतो हे समजलं, पण मला कसा जाणवला? ते म्हणाले, "काकू, तुम्ही भावुक झाला असाल."

असेन. पण तेव्हा मी फक्त टाचणी कुठे लावायची याचा विचार करत होते... घोटा कुठून आला, मला अजून कळलेलं नाही.