उपरण्याखालचा भाव

माझ्या थोरल्या मेहुण्यांइतका डोकं पिकवणारा माणूस नांदेड-लातूरच्या पट्ट्यात दुसरा नसेल; असलाच तर तो त्यांनीच तयार केलेला असेल. बायकोचे सख्खे भाऊ म्हणून मी आजवर पुष्कळ गिळलं आहे, पण सहनशीलतेलाही काही मर्यादा असते.

मेहुणे नांदेडच्या एका हॉकी संघाचे सर्वेसर्वा. त्यांना सगळं जगच अकरा खेळाडूंचं दिसतं. माणूस भेटला की तो कोणत्या जागेवर खेळेल हे ते ठरवतात आणि त्यावरून त्याचा पगार काढतात. माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी मला नखशिखांत न्याहाळून "राइट-हाफ" असा शेरा मारला होता. तेव्हापासून माझ्या पगाराचा विषय निघाला की समजूत ठरलेली. "दाजी, राइट-हाफनं पळायचं लई, नाव दुसऱ्याचं. तुमचा भाव सेंटर-फॉरवर्डच्या मागंमागं चालतो. त्याचा वाढू द्या आधी."

भाव ठरवायची त्यांची रीत मात्र थेट कंधारच्या बैलबाजारातली. तिथे दलाल उपरण्याखाली हात घालून बोटं धरतात. जितकी बोटं धरली तितका भाव, आणि भोवतालच्या गर्दीला पत्ता लागत नाही. मेहुणे खेळाडूंचं मानधन असंच ठरवत. त्यांचं म्हणणं, "एकाचा भाव फुटला की बाकीचे दहा त्याच भावावर येऊन बसतात." म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ते कलिंगडवाल्याच्या हातावरही उपरणं टाकत, आणि तो बिचारा दचकून गल्ल्याकडे बघे.

एकदा ते लातूरला आमच्या क्लासमध्ये अवतरले. मी तिथे वनस्पतीशास्त्र शिकवतो. भौतिकशास्त्राच्या सरांचा फोटो हमरस्त्यावरच्या होर्डिंगवर आहे, माझा ओळखपत्रावर. मेहुणे तडक संचालकांच्या खोलीत शिरले आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. सत्कार आहे असं वाटून संचालकांनी मान पुढे केली. मेहुण्यांनी त्यांचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि म्हणाले, "होर्डिंगवाल्याला काय देऊन राहिलात ते मी इचारत न्हाई. पण त्याला पास कोण देतो? आमचे दाजी!" त्या वर्षी माझी पगारवाढ झाली नाही. संचालक अजूनही मला लांबूनच नमस्कार करतात.

पण खरा कहर मागच्या हंगामात झाला. चाकूरचा एक खेळाडू लहानपणी मेहुण्यांच्या घरी राहून हॉकी शिकला होता. आता तो मोठ्या लीगमध्ये खेळतो. मेहुण्यांनी त्याला गावच्या स्पर्धेसाठी आणलं. सौदा भर मैदानात, उपरण्याखाली झाला. आकडा कुणालाच कळला नाही, म्हणून प्रत्येकानं आपापला लावला. सकाळी चहाच्या टपरीवर जी रक्कम होती ती संध्याकाळी दुप्पट झालेली असे. मग संघ अडून बसला. गोलकीपर मुजीब तर मेहुण्यांना मामू म्हणणारा, घरचाच. तोही म्हणाला, "मामू, गोल मारणाऱ्याला गाडीभर, आन् अडवणाऱ्याला नुसता चहा? त्याच्या निम्मं द्या, न्हाई तर मी उतरत न्हाई."

मेहुण्यांनी आकडा सांगितला नाही. त्यांनी स्कूटर विकली आणि सगळ्यांना वाढवून दिलं. संघ मैदानात उतरला, पण गावात मेहुण्यांचं नाव गेलं. यांनीच पोरांना पैशाची चटक लावली, असं ज्यांना मेहुण्यांनी स्टिक धरायला शिकवलं तेही बोलू लागले. पुढच्या वर्षी संघ दुसऱ्याच्या हाती द्यायचं ठरलं.

अंतिम सामन्याला मी गेलो होतो. मध्यंतरात मी त्यांना नको नको ते बोललो. "काय दिलंत हो त्याला एवढं? एक आकडा सांगितला असता तर भांडण मिटलं असतं. स्कूटर गेली, संघ गेला!"

मेहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं. उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं. मी बोटं धरली जायची वाट पाहत राहिलो. त्यांनी एकही बोट धरलं नाही. नुसता माझा हात हातात घेऊन बसले.

"इतकंच ठरलं व्हतं, दाजी," ते हळूच म्हणाले. "आपल्या घरची भाकर खाल्लीय, एक पैसा घेणार न्हाई म्हणला."

"मग सांगत का नाही?"

"पुढच्या महिन्यात त्याचा मोठा करार हाय. नांदेडात फुकट खेळला हे कळलं, तर लीगवाले भाव पाडायला त्याच्याच मुंडीवर बसतील. भाव एकदा पडला की चढत न्हाई. माझं काय, माझा कुठं करार व्हायचाय?"

शिट्टी वाजली. चाकूरचा तो पोरगा मैदानात उतरताना आमच्याकडे बघून हसला.

त्याचा करार उत्तम झाला. मेहुणे आता मैदानावर जात नाहीत. लातूरला येतात ते एसटीनं, आणि येऊन पुन्हा माझं डोकं पिकवतात. परवा त्यांना परतीच्या गाडीत बसवायला गेलो, तर खिडकीतून "राइट-हाफचा भाव वाढला का?" म्हणून भर स्टँडवर ओरडले. मी चिडलोच. पण गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजावरचा त्यांचा हात मी धरून ठेवला होता.