बसून हात पुरेल असं रॅक

गल्लीत त्यांना सगळे लिफ्टवाले काका म्हणत. उभा जन्म त्यांनी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः राहिले तळमजल्यावर. दोन जिने चढून गेलं की गच्ची, आणि गच्चीवर काकूंचं झाडांचं काचघर.

काकूंचे गुडघे गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर जिना चढाल, फक्त वाकायचं नाही. काचघरात तर सगळ्या कुंड्या जमिनीवर! काका रॅक करायच्या मागे लागले.

"लाकडी करा, छान दिसेल," काकू म्हणाल्या.

"अगं, तिथल्या ओलीत लाकूड कुजेल. लोखंडी अँगल लावू, वर जाळी. पाणी साचणार नाही, खालच्या झाडांनाही उजेड मिळेल."

शेजारच्या वेल्डरला हाताशी घेतलं. काकूंना स्टुलावर बसवून काकांनी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला.

"ब्लाउज शिवताय का माझा?" काकू खळखळून हसल्या.

रॅक झालं, रंगही लागला. पण ऑपरेशनची जखम चिघळली, पुन्हा उघडावी लागली आणि पाय लाकडासारखा ताठ झाला. डॉक्टर फाइलमध्ये बघत म्हणाले, "आता जिना विसरा."

झाडं काकांच्या गळ्यात पडली. त्यांच्या हाताला ग्रीसची सवय, मातीची नाही. आधी त्यांनी भरभरून पाणी घातलं, तर ऑर्किडची मुळं सडली. मग धसका घेऊन हात आखडला, तर फर्न करपले. रोज संध्याकाळी काकू विचारायच्या, "नवं पान आलं का हो?"

"आलं की. मस्त आहेत सगळी."

एकदा खोटं बोलले आणि मग मागे फिरायला तोंडच उरलं नाही.

एक दिवस काकू म्हणाल्या, "बेगोनियाची एखादी कुंडी खाली आणा ना. डोळ्यांनी बघू दे तरी."

वर जाळीवर नुसत्या काड्या उभ्या होत्या. काका गुपचूप नर्सरीत गेले आणि तसंच एक रोप आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

काकूंनी पान उलटून पाहिलं. "हे माझं नाही."

काकांनी कुंडी मागे ओढली.

"किती राहिलीत?"

ते जमिनीकडे बघत राहिले.

"एकही नाही?"

काकू ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नुसतं विचारायचं होतंत हो. पाणी किती घालायचं ते मी इथं बसून सांगितलं असतं."

काकूंनी भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर त्यांनी झाडांचं नावही काढलं नाही. वेल्डर म्हणाला, "काका, रॅकला गिऱ्हाईक आहे, देऊन टाका." काका नको म्हणाले. का, ते त्यांनाही सांगता येईना.

संध्याकाळी दोघं एकाच खोलीत बसतात. काकूंची ती विचारायची वेळ होते आणि कशीबशी टळून जाते.